बांधावरचं विष

मंगळवार, अंथुर्णे

रात्र झालीय. झोप येणार नाही, म्हणून लिहितेय.

दिवस मावळताना शेजारच्या रानातले तात्या आले. ओरडले असते तर बरं झालं असतं. शांतपणे म्हणाले, "सूनबाई, तुमच्या सशांनी माझ्या डाळिंबाच्या रोपांच्या साली खाल्ल्या. बांधावर इखाच्या गोळ्या ठिवल्यात. आता आवरा तुमचं."

बंद पडलेल्या ससेपालनातले हे ससे कुणीतरी माळावर सोडले होते. कुत्र्यांपासून वाचवून मी आठ गोठ्यात आणले. ते जाळीखालून उकरतात, हे मला चार दिवस ठाऊक होतं. मग दगड का नाही लावला?

मोजले तर सातच. काळ्या कानाची मादी नव्हती. आणि तेवढ्यात आठवलं, सासूबाई शेळी घेऊन बांधाकडेच गेल्यात. धावत सुटले. तात्याही मागून पळत आले. शेळीचं त्यांच्याही ध्यानात नव्हतं.

सासूबाई बांधावरच होत्या, शेळी गवतात तोंड खुपसून. तात्या गुडघ्यांवर बसून गोळ्या वेचू लागले. "धा ठिवल्या हुत्या. नऊच घावल्या," म्हणाले आणि ओंजळीतल्या गोळ्या पुन्हा मोजल्या.

दिसेनासं होईपर्यंत आम्ही गवत चाचपलं. काळ्या कानाचीही कुठं दिसली नाही. जाळीखालच्या बिळाचं मला आधीच ठाऊक होतं, हे मी तात्यांना सांगून टाकलं. ते घरी गेले नाहीत. गोठ्यात सासूबाईंशेजारी बसून शेळीचं पोट वरखाली होताना बघतायत.

ती गोळी मादीनंच खाल्लेली असू दे, असं मी मनात म्हणतेय. मीच वाचवलेल्या मादीनं. भीती वाटतेय, माझीच.