पाठीतला कागद

मी, खाली सही करणारी, वय वर्षे चौऱ्याहत्तर, धंदा पुस्तकबांधणी, राहणार दुकानामागच्या खोलीत, पूर्ण शुद्धीवर राहून आणि कोणाच्याही दडपणाशिवाय माझ्या मागे काय व्हावे ते लिहून ठेवते. स्मरणशक्ती चांगली आहे, नको इतकी चांगली आहे. गुडघ्यांच्या गोळ्या चालू आहेत, पण त्यांनी डोक्यावर परिणाम होत नाही, असा डॉक्टरांचा कागद सोबत जोडला आहे. यापूर्वीची माझी दोन्ही मृत्युपत्रे रद्द समजावीत. ती मी रागाच्या भरात केली होती. हेही रागातच करते आहे, फक्त या वेळी राग योग्य माणसावर आहे.

कलम पहिले: घर. खालचा मजला, म्हणजे दुकान आणि मागची खोली, माझ्या नावावर आहे. वरचा मजला माझ्या धाकट्या भावाच्या नावावर. मधला जिना वडिलांनी कोणाच्याच नावावर केला नाही, त्यामुळे गेली एकोणीस वर्षे तो दुसऱ्याचा आहे असे धरून आम्ही दोघांनीही झाडलेला नाही. माझा मजला धाकट्याला मिळावा. जिना एकदाचा झाडून घ्यावा.

कलम दुसरे: हत्यारे. आरी, सुया, कात्र्या, हाडाची पट्टी आणि पुस्तक दाबून धरायचा लोखंडी शिकंजा धाकट्याच्या मुलीला, म्हणजे माझ्या भाचीला द्यावा. ती दातांची डॉक्टर आहे. यातले निम्मे तिला उपयोगी पडेल आणि उरलेले नुसते टेबलावर मांडून ठेवले तरी रोगी निमूट तोंड उघडतील. बँकेत जे काही असेल तेही तिलाच. आठव्या वर्षापासून आमच्या दोघांचे निरोप वरखाली पोचवून त्या पोरीचे पाय झिजले आहेत. "आत्या, बाबा विचारतात पाणी आलं का?" "सांग त्यांना, नळ त्यांच्याकडेही आहे." असले निरोप.

कलम तिसरे: या अबोल्याचे कारण. हे कलम लांबेल. वकीलबाई म्हणाल्या, "याची मृत्युपत्रात गरज नाही." मी म्हटले, "गरज याचीच आहे, बाकीचं शोभेला."

धाकटा शहराच्या मोठ्या ग्रंथालयात दुर्मिळ ग्रंथांच्या खोलीचा प्रमुख होता. तिथले पुस्तक घरी नेता येत नसे. तिथेच टेबलाशी बसून वाचायचे आणि वाचणाऱ्याचे नाव धाकटा स्वतः नोंदवहीत लिहायचा. समुद्रपक्ष्यांचा, हाताने रंगवलेला एक ग्रंथ तिथे होता. एरवी वर्षाला दोन-चार माणसे तो मागत. त्या वर्षी मात्र दर मंगळवारी एक प्राध्यापक मागत आणि दर बुधवारी एका परदेशी जहाज कंपनीचा टोपीवाला साहेब. लोकांना पक्ष्यांची गोडी लागली म्हणून धाकटा बिचारा खूश होता.

एका मंगळवारी संध्याकाळी ग्रंथाची पाठ सुटलेली दिसली म्हणून त्याने तो माझ्याकडे आणला. पाठ म्हणजे कपाटात उभ्या पुस्तकाची आपल्याला दिसते ती बाजू. तिच्या चामड्याखाली थोडी पोकळी असते आणि आधीच्या कारागिराने मजबुतीसाठी डकवलेली जुन्या कागदाची पट्टी त्यात हमखास निघते. ती काढून नवी लावायची. जुनी चिवट असेल तर फेकायची नाही, दुसऱ्या पुस्तकाच्या पाठीला वापरायची, ही आमच्या वडिलांची शिकवण. मी तेच केले. दुमडलेली एक पट्टी निघाली. वाचली नाही, कारण बांधणारा कागद वाचत नाही, चाचपतो. कागद उत्तम होता. त्याच दिवशी आईची घरगुती औषधांची वही बांधायला घेतली होती. तिच्या पाठीला तो लावून टाकला.

बुधवारी टोपीवाल्याने ग्रंथ मागितला. "दुरुस्तीला गेलाय," हे ऐकून त्याचा चेहरा इतका उतरला की त्याच्या मागावर असलेल्या साध्या वेषातल्या पोलिसाने ते हेरले. गुरुवारी टोपीवाला देश सोडून पळाला. शुक्रवारी पोलिसांनी ग्रंथाची पाठ उघडली, तर आत ताजी खळ आणि पोकळी रिकामी. इथला कागद कुठे गेला, असे विचारल्यावर धाकटा म्हणाला, "मी काही काढलं नाही. पुस्तक ताईकडे होतं, निघालं असेल तर तिच्याकडे निघालं असेल."

मग ते माझ्याकडे आले. "बाई, या पुस्तकातून काही निघालं होतं का?"

मी ताठ मानेने म्हणाले, "माझ्याकडे आलेल्या पुस्तकाचा कपटासुद्धा हरवत नाही. काही निघालं नाही."

देवाशपथ सांगते, ती पट्टी म्हणजे "काही" आहे हे माझ्या ध्यानीमनी नव्हते. सुताराला विचारा, फळीतून काय निघाले. तो भुसा सांगेल का? पण माझ्या त्या एका वाक्याने धाकटा खोटा ठरला. खटला भरण्याइतका पुरावा नव्हता, नोकरी घालवण्याइतका होता. वर्तमानपत्रांनी त्याला "हेर ग्रंथपाल" केले. तो खाली आला आणि म्हणाला, "ताई, तू असं कसं सांगितलंस?"

"जे खरं ते सांगितलं."

"म्हणजे मी खोटा?"

मी समोरच्या पुस्तकाची शिवण ओढत राहिले. तो वर गेला, तो आजपर्यंत खाली दुकानात आलेला नाही.

कलम चौथे: सापडलेला कागद. तीन महिन्यांपूर्वी आईच्या वहीची पाठ सुटली. माझी बांधणी एकोणीस वर्षांत सुटते ही गोष्ट धंद्यातल्या कोणाला कळू देऊ नये. आतून ती पट्टी निघाली आणि आयुष्यात प्रथमच मी पाठीतला कागद वाचला. बारीक, टोकदार अक्षर: "गोदी क्रमांक तीन, लढाऊ जहाजे दोन, तोफा झाकलेल्या, शनिवारी निघणार. मंगळवार, दुपार. आभाळ ढगाळ, वारा दक्षिणेचा."

कागद घेऊन पोलिसांकडे गेले. तिथला तरुण अधिकारी भला होता. म्हणाला, "आजी, मंगळवारी प्राध्यापकांचं नाव आहे खरं, पण नोंदवही तुमच्या भावाच्या हातची. आणि चिठ्ठी सापडली कुठे, तर त्याच्याच बहिणीच्या घरात! उलट तुम्हीच गोत्यात याल. प्राध्यापकांच्या हातचं दोन ओळींचं अक्षर आणा, मी ताबडतोब जुळवून बघतो. एवढ्या मोठ्या माणसाकडे मी कुठल्या तोंडाने मागू?"

कलम पाचवे: प्राध्यापक आणि दीपस्तंभांचे पुस्तक. प्राध्यापक एकोणीस वर्षे दर गुरुवारी माझ्या दुकानात येतात. अत्यंत सभ्य. प्रत्येक जुन्या पुस्तकाच्या पाठीत करंगळी घालून बघतात. मला वाटायचे, काय दर्दी माणूस! इतक्या वर्षांत माझ्यासमोर त्यांनी एक अक्षर लिहिलेले नाही. "हात थरथरतो बाई, पावती तुम्हीच लिहा." त्याच हातात काठोकाठ भरलेला चहाचा कप असतो आणि बशीत थेंब सांडत नाही.

माझ्याकडचे एकच पुस्तक खरोखर दुर्मिळ आहे, ते जुन्या दीपस्तंभांच्या चित्रांचे. त्यावर त्यांचा पहिल्यापासून डोळा. मागच्या गुरुवारी मीच विषय काढला. "सर, मृत्युपत्र करतेय. साक्षीला याल का? तुमचाही उल्लेख आहे हं त्यात."

ते दीपस्तंभांच्या कपाटाकडे बघतच म्हणाले, "म्हणजे सगळं वाचावं लागेल?"

"छे! साक्षीदाराने मजकूर वाचायचा नसतो. मी सही करताना बघायचं आणि खाली स्वतःच्या हाताने दोन ओळी लिहायच्या."

"माझा हात..."

"थरथरू दे की. कायद्याला वळणदार अक्षर लागत नाही."

जो साक्षीला सही करतो त्याला त्या मृत्युपत्रातून काहीही मिळू शकत नाही, असे वकीलबाईंनी मला नीट समजावले होते. हे प्राध्यापकांना सांगायचे मी विसरले. माझ्या स्मरणशक्तीविषयी वर लिहिलेच आहे.

सबब, दीपस्तंभांचे पुस्तक ग्रंथालयाला द्यावे. अट एकच: आमच्या ग्रंथपालावर अन्याय झाला असे त्यांनी लेखी कबूल करावे आणि तो कागद वाचनकक्षाच्या दारावर वर्षभर लावावा. अट मान्य नसेल तर पुस्तक भाचीच्या दवाखान्यात, दाढ दुखणाऱ्यांना चाळायला ठेवावे.

कलम सहावे: धाकट्यासाठी. धाकट्या, खोटा तू नव्हतास. खोटी मी होते. मला माहीत नव्हते ही सबब मी स्वतःलाच तीन महिने देऊन पाहिली, पटली नाही. पोलिसांना नाही तर निदान तुला तरी मी म्हणू शकले असते, "थांब, आठवून बघते." तेवढेही म्हणाले नाही. माझ्या कामात चूक निघू नये म्हणून तुझे नाव मातीत जाऊ दिले. मला माफ कर. आणि हे वाचायला तू माझ्या मरणाची वाट बघावीस हे काही बरे नाही. म्हणून आज दोन्ही प्रतींवर सह्या झाल्या की प्राध्यापकांना चहा पाजून निरोप देईन, एक प्रत त्या अधिकाऱ्याकडे धाडीन आणि दुसरी घेऊन जिना चढेन. बावीस पायऱ्या आहेत. दार उघडलेस तर ठीक, नाही उघडलेस तर शेवटच्या पायरीवर बसून राहीन. आता तशीही मला उतरवणार नाही.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, स्वतः वाचला आणि टीपकागदाखाली झाकून फक्त सह्यांची जागा उघडी ठेवली आहे.

स्थळ: दुकानातले मोठे टेबल.
तारीख: चालू महिन्याची अकरा.
सही: पुस्तकबांधणी करणारी, स्वहस्ते.

साक्षीदार पहिला, समोरच्या चष्म्यांच्या दुकानाचा मालक, सही: "बाईंनी माझ्यासमोर सही केली. त्या शुद्धीवर आहेत. आज जरा जास्तच."

साक्षीदार दुसरा, निवृत्त प्राध्यापक, सही: "बाईंनी माझ्यादेखत सही केली. मजकूर वाचलेला नाही, तशी आवश्यकता नसल्याचे समजते. गुरुवार, दुपार. आभाळ निरभ्र, वारा पश्चिमेचा."