कॉर्नेटमधली चिंधी

कंपू, लष्कर-ग्वाल्हेर
१८ मार्च १९५२

ती. विजयाताईस,
धाकट्या कुसुमचा सप्रेम सलाम वि. वि.

इकडे सर्व खुशाल. रमाकांतभाऊंच्या सुनंदावहिनींनी होळीच्या गुजिया, म्हणजे इकडच्या खव्याच्या करंज्या, डबा भरून पाठवल्या. आपला ईस्टरआधीचा उपवासकाळ चालू आहे, हे तुझे मेहुणे सोयीस्कर विसरले.

पण ताई, एक गोष्ट मनाला खाते आहे. संस्थानची फौज हिंदी फौजेत गेली, तेव्हा बँडमधल्या एकाच कॉर्नेटवाल्याला नव्या पलटणीत घ्यायचे होते. ह्यांना घेतले आणि ह्यांचे जिवलग रमाकांतभाऊ घरी बसले, हे तुला ठाऊकच आहे. परवा हे चर्चच्या पाळकसाहेबांपुढे रडले, मग माझ्यापुढे. निवडीच्या परीक्षेच्या सकाळी ह्यांनीच भाऊंच्या पितळी कॉर्नेटच्या नळीत चिंधी कोंबली होती आणि मागाहून गुपचूप काढली. भाऊ तेव्हा नुकते विषमज्वरातून उठलेले. सूर फुटेना, तर त्यांना वाटले, आपलाच दम संपला. वाद्य सरकारजमा झाले, त्यांनी पुन्हा कधी हाती धरले नाही. आता खासगी बाजार पेठेत कापड विकतात.

पाळकसाहेब म्हणाले, पश्चात्तापी माणसाला देव क्षमा करतो. मी म्हटले, झाले तर मग! भाऊंना सांगून दोन घरे कशाला तोडायची? ह्यांचे म्हणणे, ज्याचा अपराध केला त्याला पत्ताच नाही, आणि मी प्रभुभोजनाच्या भाकरीला हात कसा पुढे करू? तूच सांग.

ही बातमी वाचूनही लोभ आटू देऊ नकोस.
तुझी कुसुम

अहमदनगर
२५ मार्च १९५२

चि. सौ. कुसुम हिस,
अ. उ. आ.

पत्र वाचून रागावले, मग प्रार्थना केली, मग पुन्हा थोडी रागावले.

तुझे म्हणणे सोयीचे आहे, खरे नाही. अर्पण वेदीपुढे ठेव आणि आधी भावाशी समेट कर, असे प्रभूनेच सांगितले आहे. संभाजीरावांना म्हणावे, जाऊन सरळ सांगा. ‘पण’ आणि ‘त्या वेळी’ हे शब्द घरी ठेवून जा. आणि क्षमा मागायची, वसूल करायची नाही. रमाकांतांनी दार लावले तर बाहेर उभे राहायचे.

गुजिया खाल्ल्याचे पाप मी माफ करते. मला न पाठवल्याचे नाही.

तुम्हा दोघांवर माया आहे, आज जरा जास्तच.
तुझी ताई

कंपू, लष्कर-ग्वाल्हेर
१५ एप्रिल १९५२

ती. विजयाताईस,
कुसुमचा आनंदाचा सलाम वि. वि.

हे गेले आणि सांगून आले. भाऊंनी सरळ दुकानाची फळी लावून घेतली. सुनंदावहिनी बाजारात दिसल्या, तर मान फिरवून गेल्या. पुण्यगुरुवारी प्रभुभोजनाला हे मागच्या बाकावरच बसून राहिले. मीही शेजारी बसले.

ईस्टरच्या सकाळी आम्ही चर्चच्या आवारात पोचलो, तर फाटकाशी भाऊ उभे! ह्यांना म्हणाले, नोकरी गेल्याचा राग आहे आणि अजून काही दिवस राहील, भाई. पण एवढी वर्षे मी स्वतःच्या छातीला शिव्या देत होतो. सूर माझा गेलाच नव्हता, हे तुझ्याशिवाय मला कोण सांगणार होते? असे म्हणून त्यांनी ईस्टरच्या गीतांना वाजवायला आणलेला ह्यांचा कॉर्नेट मागून घेतला.

पहिला सूर म्हशीसारखा निघाला. पोरे खदखदून हसली, भाऊही हसले. दुसऱ्यांदा फुंकले आणि ताई, असा लांब, स्वच्छ सूर लागला की पाळकसाहेब घंटेची दोरी धरून तसेच थांबले. हे तर लहान मुलासारखे रडत होते. भाऊंनी कॉर्नेट ह्यांच्या हातात दिला आणि म्हणाले, माफ केले. आता आत जा, तुझा देव वाट बघत असेल.

हे आत गेले. भाकर घ्यायला ह्यांचा हात पुढे झाला.

बाहेर येतो तो भाऊ पायरीवर बसून पोरांना ओठ कसे धरायचे ते शिकवत होते, आणि सुनंदावहिनी माझ्यासाठी जागा धरून बसल्या होत्या.

अशीच रागाव, आणि अशीच माया कर.
तुझी कुसुम