खेळातलं सूनबाईचं कार्ड

चिरंजीव,

दुपारपर्यंत माझं मौन असतं, म्हणून लिहून ठेवते.

तुम्ही घरी बनवलेल्या त्या कार्डं-फाशांच्या कुस्तीच्या खेळाचा पसारा आवरताना सूनबाईला स्वतःवर बेतलेलं कार्ड सापडलं. ‘रडकी राणी. ताकद चाळीस. कमजोरी: गेलेल्या बाळाचा विषय काढला की दोन फेऱ्या गारद.’ तुझ्या मित्रांनी फासे टाकून तिला त्याच डावावर नऊदा लोळवलं, तेही खेळाच्या वहीत लिहिलंय. तुझंच अक्षर. मला शिसारी आली रे.

ती बहिणीकडे निघाली आहे, मीही तिच्याबरोबर जाते. जप तिथेही होईल. जेवण झाकून ठेवलंय.

तिला फोन कर, पण ‘खेळच तर आहे’ एवढं म्हणू नकोस. तुझी बाजू घेऊन सकाळपासून ती स्वतःच तेवढं म्हणते आहे.

आई