ईटच्या बायांचा आकडा

६ फेब्रुवारी १९६१, उस्मानाबाद

डोकं उठलंय नुसतं! महारोगाच्या गोळ्यांचं अंदाजपत्रक शनिवारी टपालात पडलंच पाहिजे — साहेबांचा हुकूम. ईट गावची तपासणी आली: पुरुष एकसष्ट, बाया चार. चारच? चट्टे काय बाया बघून वाट सोडतात?

७ फेब्रुवारी

तपासनीस शिवलिंगला धरलं. म्हणतो, बाया तोंड अन् कोपरापर्यंत हात दाखवतात, पाठ कोण दाखवील परक्या बाप्याला? म्हणून यानं सरळ ‘निरोगी’ लिहून टाकलं! अन् मी मठ्ठ, त्याच आकड्यावर गोळ्या, पगार, चार वर्षांचा खर्च मांडत बसलो.

साहेबांकडं गेलो. बाई तपासनिसाची जागा मंजूर नाही, आलंय तसं लिहा, म्हणाले. तसं लिहिलं तर गोळ्या येणार पासष्ट जणांच्या. बाकीच्या बायांची बोटं झडली तरी मधे दुसरं अंदाजपत्रक व्हायचं नाही.

८ फेब्रुवारी

जेवण गेलं नाही. बायको शामला वैतागली, तेव्हा सगळं सांगितलं. ती म्हणाली, दवाखान्यातल्या प्रेमाबाई नर्स येत असतील तर मी जाते सोबत, नावं लिहायला. सातवी पास आहे म्हणे!

नको म्हणालो. लोक काय म्हणतील? मग तासाभरानं हो म्हणालो.

९ फेब्रुवारी

प्रेमाबाई रजा टाकून यायला तयार. साहेबांना सांगितलेलं नाही.

१० फेब्रुवारी, ईट

दोघी सकाळपासून गावातल्या मथुराबाईंच्या माजघरात, दार लावून. प्रेमाबाई डोळे मिटायला लावतात, पाठीवरून कोंबडीचं पीस फिरवतात, कळलं का विचारतात. रोग असला की तिथली कातडी बधिर होते, पीस कळत नाही म्हणे. मी बाहेर येरझाऱ्या घालतोय. मथुराबाई शेवटी ओट्यावर आल्या. “बसा की वो साहेब, किती हिंडता? दाखवायल्यात बाया. आजपतुर कुणी नीट इचारलंच न्हाय.”

लाज वाटली. बसलो.

११ फेब्रुवारी, उस्मानाबाद

चाराच्या जागी सव्वीस बाया! जुना कागद फाडला, नवा लिहिला. साहेब भडकले, मग सव्वीस नावं बोटानं मोजली अन् सही केली. जिंकलो! टपाल चारला जातं.

११ फेब्रुवारी, तीन वाजता

शामला कचेरीत आली. कधी येत नाही. म्हणाली, “अहो, सत्तावीस करा.”

काल बाया अडून बसल्या होत्या — आधी तू पाठ दाखव, मग आम्ही. तिनं दाखवली. पीस फिरलेलं तिला कळलंच नाही.