मामाजी, आज यांना बोलावू नका

प्रिय मामाजी,

सुनेनं सासऱ्याला पत्र लिहायची आपल्याकडे रीत नाही, त्यात तुम्ही जाऊन दोन वर्षं होतील. पण मी जालन्याच्या दवाखान्यात ऑपरेशनच्या खोलीबाहेर बसले आहे, आत तुमचा लेक आहे. दुसऱ्या कुणाशी बोलू?

यांनाही तुमच्यासारखाच जांघेत गोळा यायला लागला होता. वांग्यांचे क्रेट उचलून उचलून दुसरं काय होणार! चार दिवसांपूर्वी दुर्बिणीतून ऑपरेशन झालं, आत जाळी बसवली, दुसऱ्या दिवशी दुसरबीडला घरी परतलो. तुमचंही असंच झालं होतं ना? बारीकशी भोकं, टाके नावापुरते. आम्ही किती खूश होतो!

मग तुमच्यासाठी दवाखान्यातून फोन आला होता, आठवतं? हे साखरखेर्ड्याच्या बाजाराला गेलेले, सासूबाई तर कधीच देवाघरी गेल्या. फोन स्पीकरवर टाकून, डोक्यावरचा पदर सावरत मी तुमच्या खाटेपाशी उभी होते. डॉक्टरांनी विचारलं, "बाबा, गॅस सुटला का? संडास झाली का?" तुम्ही भिंतीकडे तोंड फिरवलंत. "हाव, समदं बराबर हाये."

काहीच बराबर नव्हतं, मामाजी! पोट फुगलं होतं. गोठ्यामागे जाऊन ओकत होतात आणि वरून पायानं माती ओढत होतात. सुनेसमोर असलं कसं बोलायचं, एवढ्यासाठी जीव दिलात? डॉक्टर नंतर म्हणाले, असं क्वचितच होतं. जाळी झाकणाऱ्या पोटातल्या पडद्याची शिवण सुटते आणि त्या फटीत आतडं अडकतं. लवकर कळलं तर सोडवता येतं. तुमचं काळं पडलं होतं. मला अजून राग येतो तुमचा. इतकी वर्षं माझ्या हातची भाकरी खाल्लीत, मग मी परकी कशी झाले?

आज सकाळी बीबी गावचे पाव्हणे यांना भेटायला आले. हे हसून बोलत होते, पण कालपासून जेवायला नको म्हणत होते आणि आजचा चहाही तसाच निवला. मला तुमचं फुगलेलं पोट आठवलं. सगळ्यांसमोर विचारलं, "गॅस गेला का तुमचा?"

"काऊन बोंबलून राह्यली वं? पाव्हणे बसले हायेत!"

"बसू द्या त्यायले. गेला का नाई, तेवढं सांगा!"

यांनी मान खाली घातली. "काल सकायपासून नाई."

पाव्हण्यांच्याच गाडीतून इथे आलो. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आतडं अडकलंय, लगेच सोडवावं लागेल. काळं पडलंय का, ते आत पाहिल्याशिवाय सांगता येत नाही. तेव्हापासून दार बंद आहे. चपलांचा आवाज आला की मी उठून उभी राहते.

मामाजी, एक मागते. लेकाची आठवण येत असेल, तरी आज यांना बोलावू नका. तुमच्यापुढे मी कधी आवाज चढवला नाही, पण आज भांडायला तयार आहे! शब्द देते, यांना एकही दुखणं लपवू देणार नाही. आम्ही दोघं म्हातारे होऊन तुमच्याकडे येऊ, सोबतच. तोवर लेकाची वाट पाहू नका.

तुमची सून,
सुनंदा