कानाच्या पाळीवरची खपली

पुणे, ६ एप्रिल २०२४

तीर्थरूप बाबांस,
रितिकाचा कृतानेक नमस्कार.

हा विषय काढला की तुम्ही फोन आईच्या हातात देऊन मोकळे होता, म्हणून कागदावर लिहिते. होळीला कोराडीला आले तेव्हा तुमच्या उजव्या कानावर खपली होती. दाढी करताना लागलं म्हणालात. कानाच्या पाळीला कोण वस्तरा लावतं, बाबा? काल पियुषदादाच्या साखरपुड्याचे फोटो पाहिले. खपली आहेच, उलट वाढली आहे.

आमच्या प्रयोगशाळेत माणसाच्या त्वचेच्या पेशी वाढवतात. त्यातल्या काहींना आम्ही तुमचीच गोळी देतो, शरीरानं आईची किडनी परकी म्हणून झिडकारू नये यासाठी तुम्ही घेता ती. मग सगळ्यांवर उन्हासारखा प्रकाश सोडतो. साध्या पेशी झालेली मोडतोड बरीचशी दुरुस्त करतात. गोळीवाल्यांची दुरुस्ती रेंगाळते. अशा बिघडलेल्या पेशींतून पुढे कॅन्सर होऊ शकतो, आणि त्यांना वेळीच ओळखणारी शरीराची ताकद त्याच गोळीनं मंदावलेली असते. हल्ली मायक्रोस्कोपला डोळा लावला की तुमचा कानच दिसतो.

कामावर, कोळशाच्या यार्डात उन्हात टोपी घालता ना? याच आठवड्यात त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा. माझं कशातच लक्ष नाही.

रागावलात तरी माया कमी करू नका.
रितिका


कोराडी, १५ एप्रिल

चि. रितिकास,
बाबाचे पोटभर आशीर्वाद.

पत्र भेटलं. वाचल्यापासून मन थाऱ्यावर नाही. बाप ऐकत नाही असं तुले वाटते, पण या वेळी ऐकलं. ती गोळीच बंद करून टाकली. किडनी बसवून नऊ वर्षं झाली, आता ती घरच्या सुनेसारखी रुळली असन. टोपीही घालून राहिलो, यार्डातले लोक हसतात.

आईले सांगू नको वं. तिच्यासमोर गोळी तोंडात टाकतो आन् मागच्या दारी जाऊन थुंकतो. उगाच घाबरन ती. डॉक्टरकडे मे महिन्यात जातो, आत्ता सुट्टी नाही. पाय जरा जड वाटून राहिले, ऊन असन. तू जेवत जा.

आहे तसाच जीव लावत राहा.
बाबा


सक्करदरा, नागपूर, ४ मे

चि. रितिका,
आईचा आशीर्वाद.

यांचं पत्र वाचून तुझा फोन आला तवा मी पोळ्या लाटून राहिली होती. तू रडत काय सांगते, ते आधी समजलंच नाही. मग यांचे पाय दाबून पाहिले, तर बोट रुतलं. शेजारच्या रीनाच्या गाडीत टाकून दवाखान्यात आणलं. शरीरानं किडनीवर हल्ला केला, असं डॉक्टर म्हणाले. इंजेक्शनांनी तो थांबला. पण जेवढी गेली तेवढी गेली, पहिल्यासारखी होणार नाही.

खपलीचा तुकडा तपासला. तुझी भीती खरी निघाली. कानाची कड कापली, मागं काही उरलं नाही असा रिपोर्ट आहे. जखम भरली की गोळी बदलणार. नवी गोळी कातडीले कमी बाधते म्हणे. तोवर जुनीच. मी काही दिवस इथं तुह्या मावशीकडे राहून दवाखान्यात येणंजाणं करते.

यांच्याशी मी बोलतच नव्हती. काल म्हणाले, तुले त्रास नको म्हणून लपवलं. मग मात्र राहवलं नाही. म्हणलं, "माह्या पोटातून काढून तुम्हाले दिली. मले न विचारता काहून मारून राहिले होते तिले?" यांनी गोळीसाठी हात पुढं केला.

तुह्यावरही राग आहे. यांले पत्र लिहिलं, मले नाही. आईले समजत नाही, असं वाटलं का? किडनी यांच्याजवळ आहे, पण कूस बदलताना माहा हात अजून त्याच जागेवर जाते, जिथून ती काढली. पुढच्या वेळी भीती वाटली तर आधी मले लिही.

रागातली, तरी तुझीच,
आई