नान थापायला आलेला शिकागोचा माणूस

शिकागोच्या भाईजान, सलाम.

मी औरंगाबादची वहिदा. तुमच्या शिकागोत काकासाहेबांचं हॉटेल आहे, तिथं ज्या नोकरीसाठी तुम्ही गेला होता, ती माझ्या नवऱ्यासाठी ठेवलेली होती. कमरोद्दीन इथं लग्नांमध्ये नान-खलिया करतात, म्हणजे भट्टीतला नान आणि मटणाचा रस्सा. काकासाहेब मूळचे आमच्याच जिल्ह्यातल्या पिशोरचे, त्यांना तिकडं हाच कारागीर पाहिजे होता. पण तुमच्या सरकारचा कायदा असा, की आधी तिथल्या पेपरात जाहिरात द्यायची आणि तिथलाच लायक माणूस मिळाला तर नोकरी त्याची.

जाहिरात वाचून तुम्ही एकटेच आलात. ते कळलं आणि आमची नोकरी गेली असंच घरात सगळ्यांना वाटलं. तुम्हाला नान जमू नये म्हणून मी दुवा मागितली.

मग काकासाहेबांचा फोन आला. "वहिदाबाई, गडी लई दिलदार! नान थापायला लावलं, एकेक सुटून भट्टीच्या विस्तवात पडला, हातावरचे केस जळाले, तर हसतच सुटला. म्हणाला, हे माझं काम नाय, ज्याला येतं त्याला बोलवा. फक्त तो आला की मला जेवायला सांगा."

आज तुमच्या कामगार खात्याची मंजुरी आली. व्हिसा अजून बाकी आहे, पण कमरोद्दीन ऐकतात कुठं! गल्लीभर जिलेबी वाटत फिरतायत.

मला तुमचं नाव ठाऊक नाय, पत्ता नाय, आणि तुम्हाला मराठी कुठली येणार? तरी लिहावंसं वाटलं. आज नमाजानंतर मी तुमच्यासाठी नोकरी मागितली. आमच्यापेक्षा चांगली, आणि जिथं हात भाजत नाय अशी.

तुमची इकडची बहीण,
वहिदा